आवाजाची खोली

या घटकेस आपण मला पाहू शकत नाही. तरीही मी कोठे बसून बोलत आहे, याचा काही अंदाज आपल्या कानांनी एव्हाना बांधलाच असेल. मी विहिरीत उतरून बोलत नाही, माळावर उभा राहून हाका मारीत नाही, किंवा देवळाच्या गाभाऱ्यातूनही बोलत नाही, हे आपणांस कोणी सांगावे लागले नाही. ज्या खोलीत मी बसलो आहे तिच्या भिंतींना मऊ अस्तर लावलेले असून येथे टाळी वाजविली तर ती जागच्या जागी विझते. एवढी सगळी माहिती माझ्या पहिल्या दोनचार शब्दांबरोबर आपणांकडे पोहोचली. आपल्या भाषेत 'खोली' हा शब्द दोन अर्थांनी येतो: एक राहावयाची खोली आणि दुसरी विहिरीची किंवा नदीची खोली. गाण्याच्या मुद्रणात हे दोन अर्थ एकमेकांत मिसळतात, हे मला वयाची साठी उलटल्यावर कळले. ते कसे कळले, हेच आज आपणांस सांगावयाचे आहे.

प्रारंभीच सांगून टाकतो की, मी संगीताचा जाणकार नव्हे आणि ध्वनिशास्त्राचा पंडित तर नव्हेच नव्हे. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण, त्यावर शिक्षकाचा अभ्यासक्रम आणि खेड्यापाड्यांच्या शाळांत गेलेले आयुष्य, एवढेच माझे भांडवल. सेवानिवृत्तीनंतर नांदेडास मुलाकडे राहतो. परंतु लहानपणापासून भजनाची आवड आहे, आणि एखादी गोष्ट का घडते हे समजल्यावाचून स्वस्थ न बसण्याची मास्तरकीची खोडही आहे.

आमचे मूळ गाव लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. गावच्या विठ्ठलमंदिरापुढे एक जुना मंडप होता. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचे जाड माळवद. भिंती दगडमातीच्या आणि खाली शेणाने सारवलेली भुई. एकादशीच्या रात्री तेथे भजन उभे राही. मध्यभागी विणेकरी बुवा, त्यांच्या उजव्या हातास पखवाज, दोन्ही अंगांना टाळकऱ्यांच्या रांगा, आणि मागे खांबांच्या आडोशाला आम्ही पोरे. आजच्या मंगल कार्यालयाच्या एखाद्या कोपऱ्यात तो सबंध मंडप सहज मावेल. परंतु माझ्या आठवणीत त्याच्याएवढी विशाल जागा दुसरी नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपात तो मंडप पडला. त्या पहाटे जी माणसे गेली त्यांच्याविषयी मी येथे बोलणार नाही. ते दुःख अशा लहानशा भाषणात मांडण्याजोगे नव्हे. पुढे गाव नव्या जागी वसले, नवे देऊळ झाले, भजनही पुन्हा सुरू झाले. हे देऊळ सिमेंटचे, स्वच्छ, उजेडाचे आणि जुन्याहून कितीतरी मोठे आहे. तथापि भजनाला बसले की प्रत्येकाच्या मनात एक गोष्ट येई आणि कोणी ती बोलून दाखवीत नसे: पूर्वीची गोडी राहिली नाही. त्याचा दोष आम्ही आपापल्या वयाला दिला आणि गप्प बसलो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या विणेकरी बुवांनी ऐंशी ओलांडली, तेव्हा त्यांचे भजन मुद्रित करून ठेवावे असे ठरले. माझा एक जुना विद्यार्थी लातुरात, सोळा रस्ते जेथे येऊन मिळतात त्या गंजगोलाईच्या जवळपास, ध्वनिमुद्रणाचा लहानसा व्यवसाय करतो. त्याची खोली दहा बाय बारा फुटांची. भिंतींना जाड गोधड्यांसारखे अस्तर, आणि ध्वनिक्षेपक बुवांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. मुद्रण अत्यंत स्वच्छ झाले. बुवांनी ते डोळे मिटून ऐकले आणि म्हणाले, "लेकरा, आवाज माझाच हाय. पण मी बसलोय कुठं?"

माझा विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, थोडा घुमारा वाढवतो." हल्ली हे काम संगणकावर एक कळ फिरविली की होते, या धंद्यातील मंडळी त्याला 'रिव्हर्ब' म्हणतात. त्याने कळ बरीच फिरविली. आता नामाचा एक उच्चार संपण्यापूर्वीच दुसरा त्यावर येऊन पडू लागला, टाळांचा सलग छणछणाट झाला आणि शब्द त्यात बुडाले. बुवा पुन्हा म्हणाले, "आता तर विहिरीत बसलोय की!"

श्रोतेहो, बुवांच्या या दोन वाक्यांत सगळा प्रश्न आलेला आहे. पहिल्या मुद्रणास जागाच नव्हती. दुसऱ्यास जागा होती, पण ती भलतीच होती. तेव्हा कानाला जागा कळते कशी, हा विचार आम्हा दोघांना करावा लागला.

एखाद्या मंडपात कोणी टाळी वाजविली, तर ती आपल्या कानावर तीन हप्त्यांनी येते. पहिला हप्ता सरळ हातापासून कानापर्यंत. दुसरा, जवळच्या भिंती, छप्पर, जमीन यांवरून एकदा आपटून आलेला. आणि तिसरा, असंख्य वेळा इकडून तिकडे आपटून दाट झालेला व हळूहळू विरत जाणारा. या तिसऱ्यास आपल्याकडे एक सुंदर शब्द आहे: आस. घंटेचा टोल पडून गेल्यावर जे मागे रेंगाळते, ती तिची आस. तसे प्रत्येक वास्तूचीही एक आस असते. दुसरा हप्ता पहिल्याच्या पाठोपाठ, सेकंदाच्या तिसाव्या-पस्तिसाव्या भागाच्या आत आला तर कान दोघांना निराळे मानीत नाही. तो दोहोंचा एकच आवाज करून घेतो आणि दिशा मात्र पहिल्याचीच धरतो. जर्मन संशोधक हेल्मुट हास यांनी १९४९ च्या सुमारास हे प्रयोगांनी दाखविले. स्पष्ट, वेगळा प्रतिध्वनी ऐकू यावयास सेकंदाचा सुमारे दहावा भाग मध्ये जावा लागतो, आणि त्यासाठी समोरची भिंत निदान सतरा मीटर दूर असावी लागते, हे आम्ही शाळेत शिकविलेच होते.

यातून पहिला नियम निघतो. सरळ आवाज आणि पहिले परावर्तन यांमधील अंतर म्हणजेच जागेचे माप होय. ध्वनी हवेत एका सेकंदास सुमारे ३४४ मीटर जातो. भिंत तीन मीटरवर असेल तर आवाज जाऊन येण्यास सेकंदाचा सुमारे साठावा भाग लागतो. बारा मीटरवर असेल तर सुमारे चौदावा भाग. म्हणून मुद्रणात घुमारा मूळ आवाजाला चिकटूनच सुरू केला की गायक डबीत बसल्यासारखा वाटतो. तोच घुमारा मूळ शब्द उमटून गेल्यावर क्षणभर थांबून आला, तर शब्दही स्वच्छ राहतो आणि जागाही मोठी वाटते. माझ्या विद्यार्थ्याच्या यंत्रात हे अंतर ठरविणारी निराळी कळ होती. तिला त्याने आजवर हातच लावला नव्हता.

दुसरा नियम लांबपणाचा. गायक जवळ असेल तर सरळ आवाज अधिक आणि आस कमी. तो दूर गेला की उलट. १९४९ साली 'महल' चित्रपटातील 'आएगा आनेवाला' या गीताचे मुद्रण झाले. संगीत खेमचंद प्रकाश यांचे आणि गायिका मास्टर दीनानाथांची कन्या लता मंगेशकर. गीताच्या आरंभी आवाज दुरून जवळ येत आहे असा भास हवा होता. लताबाईंनीच पुढे सांगितल्याप्रमाणे, त्या ध्वनिक्षेपकापासून दूर उभ्या राहिल्या आणि गात गात एकेक पाऊल टाकीत त्याच्यापाशी आल्या. संगणक नाही, घुमाऱ्याचे यंत्र नाही. केवळ पावलांनी ते अंतर निर्माण झाले. अशा युक्त्या इतरत्रही चालू होत्या. अमेरिकेत शिकागो येथे बिल पुटनम यांनी १९४७ मध्ये स्नानगृहात आवाज सोडून त्याची आस मुद्रणात मिसळली. १९५७ मध्ये जर्मनीत सुमारे दोन मीटर लांब व एक मीटर रुंद असा पोलादी पत्रा टांगून, त्याच्या थरथरण्यातून घुमारा काढणारे यंत्र तयार झाले.

तिसरा नियम आस किती वेळ टिकते याचा. याचे गणित अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे वॉलेस सॅबिन यांनी १८९५ पासून पुढे काही वर्षे खपून बसविले. तेथील एका व्याख्यानगृहात वक्त्याचे शब्द कळत नसत. सॅबिन रात्रीच्या शांततेत शेजारच्या नाट्यगृहातील गाद्या तेथे नेऊन ठेवीत आणि आवाज विझावयास किती वेळ लागतो ते मोजीत. त्यांचे सूत्र सोपे आहे: जागेचे घनमाप मीटरमध्ये घ्या, त्यास ०.१६१ ने गुणा आणि त्या जागेतील वस्तूंच्या एकूण शोषणाने भागा. समजा, बारा मीटर लांब, आठ मीटर रुंद आणि पाच मीटर उंच असा बंदिस्त दगडी मंडप आहे. दगड आवाज फारच थोडा, शेकडा तीन, शोषतो असे धरले तर रिकाम्या मंडपाची आस सुमारे साडेसहा सेकंद टिकेल. त्यात साठ माणसे येऊन बसली की, माणसांची वस्त्रे व शरीरे आवाज पीत असल्यामुळे, तीच आस सुमारे दोन सेकंदांवर येईल. म्हणजे भजनाला गर्दी जमणे ही नुसती भक्तीची गोष्ट नसून, शब्द ऐकू येण्याचीही सोय आहे!

आस जितकी लांब तितकी जागा भव्य, हे खरे. पण भव्य जागा गाण्यास सोयीची असतेच असे नाही. शाळेच्या सहलीबरोबर मी विजापूरचा गोल घुमट पाहिला आहे. महंमद आदिलशहाची ही कबर १६५६ साली पूर्ण झाली. घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर. वरच्या सज्जात भिंतीशी कुजबुजलेले समोरच्या टोकास ऐकू येते आणि एक टाळी अनेकवार परत येते. पोरांनी आरोळ्या ठोकून तो घुमट दणाणून सोडला. पण मी एक ओळ म्हणून पाहिली, तेव्हा दुसऱ्या शब्दापर्यंत पहिलाच माझ्यावर चाल करून आला. वेरूळच्या दहाव्या लेण्यात, ज्याला लोक 'सुतार का झोपडा' म्हणतात तेथे, दगडी कमानीच्या छताखाली एखादा लांब स्वर लावावा; तो स्वर्गीय वाटतो. पण द्रुत लयीचे भजन तेथे म्हणू नये. संथ स्वरास लांब आस शोभते, जलद शब्दास आखूड. आमच्या पहिल्या दुरुस्तीत हीच चूक झाली होती.

चौथा नियम मी नांदेडास गोदावरीच्या घाटावर शिकलो. पहाटे तेथे बसले की सचखंड गुरुद्वाऱ्याच्या बाजूने येणारे कीर्तनाचे स्वर कानी पडतात. पाण्यालगतची हवा थंड आणि वरची उबदार असली की वर जाणारा आवाज खाली वाकतो, म्हणून पहाटे दूरचे नीट ऐकू येते. पण त्या स्वरांत झांजांची धार नसते. बारीक, तीक्ष्ण कंपने वाटेतच विरतात आणि गोलावा तेवढा पोहोचतो. तेव्हा मुद्रणात एखाद्यास मागे बसवावयाचे असेल, तर त्याचा आवाज नुसता लहान करून भागत नाही. त्याची धारही थोडी बोथट करावी लागते.

पाचवा नियम रुंदीचा. आपल्याला दोन कान आहेत, आणि उजवीकडचा आवाज डाव्या कानाला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी उशिरा पोहोचतो. तेवढ्यावरून आपण दिशा ओळखतो. इंग्लंडचे ॲलन ब्लमलिन यांनी १९३१ मध्ये याच तत्त्वावर दुहेरी ध्वनिमुद्रणाचे पेटंट मागितले. परंतु येथेही विवेक पाहिजे. रुंदी आणण्याच्या काही युक्त्या अशा आहेत की, दोन्ही बाजू एकाच कर्ण्यातून वाजविल्या की एक दुसरीला खोडून टाकते आणि आवाज पोकळ होतो. आमचे भजन अखेर देवळावरच्या एका भोंग्यातून वाजणार, हे आम्हांस विसरून चालणार नव्हते.

एवढा अभ्यास झाल्यावर एक कल्पना माझ्या विद्यार्थ्यानेच काढली. एखाद्या जागेत फुगा फोडावा आणि त्याचा आवाज पार विझेपर्यंत मुद्रित करावा. त्या एका फटक्यात त्या जागेचा सारा स्वभाव उतरतो. मग संगणक आपल्या गाण्याच्या प्रत्येक क्षणाला तीच आस जोडून सगळ्यांची बेरीज करतो, आणि गाणे त्या जागेत म्हटल्यासारखे होते. पण आमचा मंडप तर तीस वर्षांपूर्वीच गेलेला! शोध घेता नांदेड जिल्ह्यात, कंधारच्या बाजूस एका खेड्यात तशाच घडणीचा माळवदी मंडप अजून उभा असल्याचे कळले. गावकऱ्यांची परवानगी घेऊन आम्ही तेथे बारा फुगे फोडले. पोरे जमली, त्यांना फार मौज वाटली.

आणि येथे मला खरा धक्का बसला. त्या मंडपाची आस एक सेकंदभरही टिकत नव्हती. माती आणि लाकूड यांनी ती पिऊन टाकली होती. खांबांवर आपटून पहिली परावर्तने मात्र विखरून, मऊ होऊन चहूबाजूंनी येत होती. उलट आमच्या नव्या देवळात समोरासमोरच्या गुळगुळीत भिंतींमध्ये टाळी चेंडूसारखी टोलविली जाऊन तिचा 'टर्र' असा आवाज होतो. म्हणजे माझ्या स्मरणातील ती विशालता घुमाऱ्याची नव्हतीच! बुवा जवळ, टाळकरी त्यांच्या मागे, गाव त्यांच्याही मागे आणि बाहेर रात्रीची शांतता, या एकामागून एक असलेल्या अंतरांची ती होती. बुवा एकटे हळू आरंभ करीत, आणि मग साठ कंठ एकदम उठत. आधीचे लहान होते म्हणून नंतरचे मोठे वाटे. आम्ही मात्र सगळ्यांनाच सारखा घुमारा देऊन सगळ्यांनाच सारखे लांब लोटले होते.

मग आम्ही सारे नव्याने केले. बुवांचा आवाज पुढे आणि जवळजवळ कोरडा ठेवला. पखवाज त्यांच्या उजव्या हातास; त्याच्या कणीक लावलेल्या तोंडाचा भारी नाद मात्र मध्यभागी आणि घुमाऱ्यावाचून, कारण भारी नाद घुमू लागला की सगळेच गढूळ होते. टाळकरी दोन्ही बाजूंना, किंचित मागे. आता मंडळींत नऊच जण उरले आहेत. त्यांना जागा बदलून दोनदा गावयास लावले, कारण दोन वेळचे उच्चार तंतोतंत जुळत नाहीत आणि त्या सूक्ष्म फरकातूनच समुदायाचा भरीवपणा येतो. सर्वांवर त्या माळवदी मंडपाची आखूड आस, आणि आरंभी बुवांच्या एकट्या आवाजाभोवती भरपूर शांतता.

यावर कोणी म्हणेल, मास्तर, ही तर लबाडी झाली. नवांचे अठरा केले आणि दुसऱ्या गावचा मंडप आपला म्हणून दाखविला. हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. म्हणून आम्ही मुद्रणाबरोबरच्या कागदावर स्पष्ट लिहिले आहे की, गाणारे नऊ, गायन दोन वेळचे आणि आस कोणत्या गावच्या मंडपाची. वीतभर अंतरावर धरलेल्या ध्वनिक्षेपकाने घेतलेले पहिले मुद्रण तरी कोठे पुरते खरे होते? बुवांच्या तोंडाशी कान लावून त्यांचे भजन आजवर कोणीच ऐकलेले नाही. मुद्रण म्हणजे निवड आली. ती लपवू नये, एवढेच आपल्या हाती.

आता एक विनंती. मराठवाड्यात जुने वाडे, गढ्या, माळवदी मंडप दिवसेंदिवस पडत आहेत. त्यांतील पुष्कळ पडावयासच आले आहेत आणि भूकंपाचे स्मरण असलेल्या माणसाने त्यांचे गोडवे गाऊ नयेत, हे मी जाणतो. परंतु ते उतरवून टाकण्यापूर्वी आपण त्यांची छायाचित्रे घेता ना? तसाच एक फुगाही फोडून घ्या. पंखे बंद करा, सर्वांना गप्प बसवा, मोबाइल श्रोता जेथे बसेल तेथे ठेवा, फुगा गायकाच्या जागी फोडा आणि पुढचे दहा सेकंद कोणीही बोलू नका. गाव, वास्तू आणि तारीख लिहून ठेवा. छायाचित्रात वाड्याचे रूप राहील. त्याचा आवाज या दहा सेकंदांत राहील. आम्हांला आमच्या मंडपाचे असे दहा सेकंद मिळाले असते, तर कंधारपर्यंत जावे लागले नसते.

शेवटचे मुद्रण बुवांना ऐकविले त्या वेळी मी त्यांच्या जवळच बसलो होतो. खोली तीच, दहा बाय बारा फुटांची. आरंभीचा त्यांचा एकट्याचा आवाज झाला, टाळ उठले आणि पखवाजावर पहिली थाप पडली. आमचे जुने पखवाजी त्या १९९३ च्या पहाटे गेले. हल्ली त्यांचा मुलगा वाजवितो. बुवांनी डोळे उघडले नाहीत, मुद्रण बरे झाले की वाईट हेही सांगितले नाही. ते फक्त बसल्या जागी डावीकडे थोडे सरकले आणि उजव्या हातास एका माणसापुरती जागा करून दिली.